नुसता उजेड

मला जिभेनं ‘खटक’ असा आवाज काढता येतो. हुबेहूब कॅमेऱ्याचा. जीभ टाळूला घट्ट लावायची आणि झटक्यात सोडायची. पस्तीस वर्षांच्या हौशी फोटोगिरीत कमावलेली ही एकच विद्या अजून शाबूत आहे. बाकी जे काही शिकलो होतो ते नव्या कॅमेऱ्यांनी निकालात काढलं.

ही विद्या का लागली ते सांगतो. भूमजवळच्या एका खेड्यात मी शाळामास्तर म्हणून नवा नवा लागलो होतो. लग्न व्हायचं होतं. बार्शीतल्या एका स्टुडिओवाल्याकडून जुना रोलचा कॅमेरा घेतला होता आणि त्याच्या डोक्यावर बसवायचा एक फ्लॅश. मला नाद होता तो फक्त चेहऱ्यांचा. डोंगर आणि मावळता सूर्य काढणाऱ्यांचं मला कधी कौतुक वाटलं नाही. डोंगराला नीट उभं राहा म्हणावं लागत नाही, त्यात कसली आलीय मर्दुमकी?

माणसाचं तसं नसतं. बोलता बोलता कसा छान दिसतो, आणि कॅमेरा वर केला की त्याचा पार पुतळा होतो. मान ताठ, हात मांडीला, डोळे वटारलेले. रोलमध्ये फोटो छत्तीस. तो बार्शीला धुवायला द्यायचा, पंधरा दिवसांनी आणायचा, आणि मग कळणार की छत्तीसातले तीस पुतळेच आलेत. मास्तरच्या खिशाला हे झेपणारं नव्हतं. मग मी युक्ती काढली. फ्लॅशच्या पाठीमागं एक बारकं बटण असतं, ते दाबलं की नुसता उजेड पडतो, रोल खर्च होत नाही. पहिला उजेड असा फुकटचा पाडायचा. समोरच्याला वाटतं, झालं एकदाचं. तो श्वास सोडतो, खांदे खाली येतात, चेहरा त्याचा त्याला परत मिळतो. तेवढ्यात खरा फोटो घ्यायचा. फक्त फुकटच्या उजेडाला आवाज नसतो. तो मी तोंडानं पुरवायचो. खटक.

युक्ती झकास होती, म्हणून लवकरच बिघडली. कॅमेरा गळ्यात दिसला की अर्धं गाव ‘मास्तर, माझाबी’ म्हणून उभं राहायचं. नाही म्हणायला छाती लागते, ती माझ्याकडं नव्हती. मी प्रत्येकाला उजेड द्यायचो आणि आवाज द्यायचो. माणसं खूश होऊन जायची. कुणी विचारलंच तर ‘बार्शीला आहे, धुवून यायचाय’. दोन आठवड्यांत लोक विसरायचे. यात मला काही गैर वाटत नव्हतं. कुणाचं काय गेलं, असं मी स्वतःला विचारायचो आणि स्वतःच उत्तर द्यायचो, काही नाही.

मी ज्यांच्या घरी भाड्यानं राहत होतो त्या घरमालकिणीची खव्याची भट्टी होती. मी त्यांना मावशी म्हणायचो. आमच्याकडं पाऊस कमी, शेतीचा भरवसा नाही, म्हणून घरोघरी म्हशी आणि दोन-चार घरांआड एक भट्टी. मावशी पहाटेपासून त्या भल्यामोठ्या कढईपुढं उभ्या असायच्या. दूध आटेपर्यंत उलथनं थांबवायचं नाही, नाहीतर खवा बुडाला लागतो. त्यांचे हात मनगटापर्यंत चटक्यांनी डागलेले होते. शाळेला निघालो की हाक यायची, “मास्तर, थांबा जरा,” आणि कढईच्या कडेची खरपूस खरवड तळहातावर पडायची. जेवणाचं ठरलेलं नव्हतं, तरी रोज संध्याकाळी, “जेवलाव का?” मी खोटं सांगितलं तर त्यांना बरोबर कळायचं. आजही मला खवा म्हटलं की पेढा आठवत नाही, ती खरवड आठवते.

त्यांना एक मुलगी होती, मी आलो तेव्हा तीन वर्षांची. शेवटच्या वर्षी माझ्याच शाळेत पहिलीत आली. मुलीचे मी चार फोटो काढले, मावशींच्या मालकांचे म्हशीजवळ दोन काढले. भट्टीचाही काढला, जाळ चांगला दिसत होता म्हणून. मावशी मात्र कॅमेरा दिसला की पदर तोंडावर घ्यायच्या. “ह्या अवतारात व्हय? घामानं निथळतेय म्या. एखाद दिस नीट लुगडं नेसल्यावर काढा.” तो एखादा दिवस तीन वर्षांत एकदा आला.

त्या तुळजापूरला निघाल्या होत्या, कुळधर्माला. सकाळची वेळ, इरकल नेसलेल्या, कपाळावर मळवट भरलेला, हातात देवीची परडी. मुलगी पदराला धरून. एस.टी. यायला थोडा अवकाश होता. मी भूमच्या बाजाराला निघण्याच्या घाईत होतो. त्या माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि चक्क लाजत म्हणाल्या, “काढा आता, मास्तर. रोज म्हणता न्हवं?”

कॅमेऱ्यात एकच फोटो शिल्लक होता. आणि तो मी ठेवला होता एका म्हाताऱ्या धनगरासाठी. तो बाजाराला यायचा, त्याच्या तोंडावर एवढ्या सुरकुत्या होत्या की बोट फिरवलं तर अडकेल. मला एका स्पर्धेला व्यक्तिचित्र पाठवायचं होतं आणि माझ्या डोक्यात तो धनगर महिनाभर ठाण मांडून बसला होता. शेवटचा फोटो मावशीवर घालवला असता तर नवा रोल आणायला बार्शी गाठावी लागली असती.

मी म्हणालो, “उभ्या राहा, मावशी. इकडं बघा.” त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. परडी नीट धरली, मुलीला जवळ ओढलं, श्वास रोखला. मी कॅमेरा छातीशीच धरला, मागचं बटण दाबलं आणि जीभ वाजवली.

त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “झालं?”

“झालं की.”

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि एस.टी. चुकू नये म्हणून चालू लागल्या.

धनगर त्या दिवशी बाजारात भेटला. फोटो असा आला की मी चार दिवस हवेत होतो. स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. तो फोटो आजही माझ्या बैठकीत टांगलेला आहे.

तुळजापूरहून आल्यावर मावशींनी एकदाच विचारलं, “माझा फोटू आला का वो?” मी ठरलेलं उत्तर दिलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कधी विचारलं नाही. मला वाटलं, विसरल्या. नवा रोल आणल्यावर खरा फोटो काढावा असं कितीदा मनात आलं. पण दुसरा काढायचा तर पहिल्याचं काय झालं ते सांगावं लागणार. बिघडला म्हटलं असतं तरी चाललं असतं. तेवढंही मी म्हणालो नाही, कारण मास्तरचा फोटो बिघडत नाही अशी गावात माझी ख्याती झाली होती आणि मला ती जपायची होती. काय ती ख्याती, आणि काय तो मी! पुढं माझी बदली मुरुमकडं झाली. निघताना त्यांनी अर्धा किलो खवा बांधून दिला. दोन वर्षांनी कुणीतरी सांगितलं, त्या काविळीनं गेल्या.

पुढं काळ फिरला. बार्शीच्या लॅबनं रोल धुणं बंद केलं, तेव्हा मीही कुरकुरत डिजिटल कॅमेरा घेतला. पहिल्या दिवशी बायकोचे दोनशे फोटो काढले. ती म्हणाली, “लग्नापासून मी बारा वेळा कॅमेऱ्यात आले, आणि आज दोनशे? रोलचा राग माझ्यावर काढताय का?” खरंच, मला थांबताच येईना. फोटो संपतच नव्हते. पण चेहराही हाती लागत नव्हता. माणूस उभा राहतो, लगेच पडद्यावर बघतो, म्हणतो, “नको, हा पुसा, दुसरा घ्या, जरा गोरा करा.” दहाव्या फोटोत तो त्याला हवा तसा दिसतो आणि मला कोणीच दिसत नाही. फुकटच्या उजेडाची तर गरजच संपली. जीभ मात्र सवयीनं वाजत राहिली. कुणी विचारलं तर मी सांगायचो, लहान मुलं बघतात या आवाजानं.

मुरुमनंतर परंड्याला, वाशीला अशा बदल्या होत होत शेवटी भूमलाच निवृत्त झालो. हातात वेळ आला, तेव्हा जुन्या निगेटिव्ह संगणकावर चढवायला घेतल्या. सगळ्या एका पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात होत्या. रोज दोन-चार फोटो मोबाइलच्या स्टेटसला टाकायचो. जुनी माणसं ओळखायची, फोन करायची. म्हातारपणी भाव मिळाला म्हणून मीही फुशारून गेलो आणि एके दिवशी त्या भट्टीचा फोटो टाकला.

त्याच दिवशी फोन आला. बाईचा आवाज. “गुरुजी, ओळखलं का? तुमच्या शाळेत हुते. भट्टीवालीची पोरगी.”

मला आनंद झाला. दोन वाक्यं होईपर्यंतच टिकला.

“गुरुजी, आईचा फोटू तुमच्याकडं हाय. तुळजापूरला निघालो हुतो तवाचा. म्या पदर धरून हुते. उजेड पडलेला मला चांगला आठवतोय.”

पुढचं ती एका दमात बोलली. भूममध्येच तिनं घर बांधलं होतं. वास्तुशांत दहा-बारा दिवसांवर. बैठकीच्या भिंतीवर सासऱ्यांचा, सासूबाईंचा फोटो लागला होता. त्यांच्या शेजारी तिनं तिसरा खिळा ठोकून घेतला होता. आईचा एकही फोटो कुठं नव्हता. आईचं लग्न झालं तेव्हा गावात कॅमेरा नव्हता, गेली तेव्हा आधार कार्ड नव्हतं, आणि आईमागं पोरगी आजोळी वाढली. “आमचे मालक हसत्यात मला. म्हणत्यात, आधी खिळा आन मग फोटू. म्या म्हणलं, गुरुजींकडं हाय.”

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, “बघतो, शोधतो.” सांगायला हवं होतं ते तिथंच, फोनवर, तोंड दिसत नव्हतं तेव्हा. नाही सांगता आलं. उत्तरं देण्यात माझी सगळी हुशारी बार्शीच्या पुढं कधी गेलीच नाही.

दुसऱ्या दिवशी ती घरीच आली. चाळिशीची, अंगानं भरलेली, हातात पेढ्यांचा पुडा. आल्या आल्या वाकून पाया पडली. मी डबा काढला. दुसरं काय करणार? निगेटिव्हच्या पट्ट्या एकेक करून खिडकीशी धरू लागलो. नाही ते शोधायचं म्हणजे किती सावकाश शोधावं लागतं! तीही एक पट्टी घेऊन उजेडात बघू लागली. निगेटिव्हमध्ये सगळंच उलटं, बायकांची तोंडं काळी आणि केस पांढरे. दर बाईवर बोट ठेवून ती विचारायची, “ही का? ही असंल का?” मी प्रत्येक वेळी डोळे बारीक करून बघायचो आणि नाही म्हणायचो.

बऱ्याच वेळानं तिनं पट्टी खाली ठेवली. “गुरुजी, एक इचारू? मला वळखू येईल का वो आई? आठ वर्सांची हुते ती गेली तवा. रोज आठवते म्हणून आठवत बसते, आन रोज थोडी कमीच आठवते.”

“येईल की,” मी म्हणालो आणि पुढची पट्टी खिडकीशी धरली.

ती गेल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “सांगून टाका तिला.” मी म्हणालो, सांगतो. ती म्हणाली, “तुम्ही नाही सांगणार. मी तुम्हाला ओळखते.”

तिनं ओळखलं होतं तेच झालं. ‘मला वळखू येईल का’ हे वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं. तिला ओळखू येणार नव्हतं. मग कोणाचाही फोटो दिला तर? दुसऱ्या दिवशी सकाळीच मी एका यात्रेत तुळजापूरला काढलेल्या फोटोंच्या पट्ट्या शोधून काढल्या. देवळाच्या पायऱ्यांवर काढलेली एक बाई मिळाली. वय तेवढंच, इरकल, कपाळावर मळवट, हातात परडीसुद्धा. कोण कुठली, मला माहीत नाही. संगणकावर मोठी केली, ओरखडे पुसले, मागची गर्दी काढून भिंत घातली. रोलच्या काळात हे जमलं नसतं, डिजिटलनं ते तासाभराचं काम करून ठेवलंय. सुंदर दिसत होती बाई. फोटो छापून आणला, पाकिटात घातला. तिला निरोप दिला, ये.

मी स्वतःला पटवत होतो की यात वाईट काय? एका लेकीला आई मिळेल, एका खिळ्याला फोटो. त्या अनोळखी बाईला फुकटचा हार मिळेल. पण पाकीट हातात घेतलं की मी ते पुन्हा टेबलावर ठेवायचो.

ती आली, बैठकीत धनगराच्या फोटोखाली बसली. पाकीट माझ्यापुढं टेबलावर होतं. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि माझ्याकडं बघू लागली. वेळ काढायचा म्हणून मी म्हणालो, “आधी तुझा एक फोटो काढू दे. तुला बघितलं की आईची सय येते.”

“माझा कशाला?” म्हणत ती उठली, भिंतीला टेकून उभी राहिली. पदर सारखा केला, श्वास रोखला. मी कॅमेरा उचलला. तिचा पुतळा झाला होता. पस्तीस वर्षांची सवय, तो मोडायला माझी जीभ आपोआप वाजली. खटक.

ती हलली नाही.

“ह्योच आवाज,” ती म्हणाली.

मी कॅमेरा खाली घेतला.

“एस.टी.त बसल्यावर आई हसत हुती, गुरुजी. म्या इचारलं, का हसतीस? म्हणली, मास्तर खरा फोटू काढत्यात तवा कॅमेरा वाजतो. माझ्या येळी मास्तरच वाजले. नुसता उजेड पाडला बघ. म्या म्हणलं, सांगू का त्यास्नी? तर म्हणली, नगं. परगावचं पोरगं हाय, वरमंल.”

भट्टीपुढं उभ्या राहून त्यांनी तीन वर्षं माझं सगळं बघितलं होतं. कोणत्या फोटोनंतर मी रोल पुढं ढकलायचा खटका ओढतो आणि कोणत्या नाही, हे त्यांना न कळायला काय झालं होतं! तरी तुळजापूरहून परतल्या त्याच संध्याकाळी ‘जेवलाव का’ची हाक आलीच होती. त्यानंतरही रोज.

“मग तू आलीस कशाला?” मी विचारलं.

“मला वाटलं, आईचं चुकलं असंल. तिला काय कळतंय कॅमेऱ्यातलं.” ती पुन्हा खुर्चीत बसली. “खिळा ठोकताना म्या म्हणलं, एवढे गुरुजी, खोटा कशाला काढतील.”

तिनं रागवायला हवं होतं. शिव्या दिल्या असत्या तर मी खाली मान घालून ऐकल्या असत्या, तेवढं तरी जमलं असतं. मी माफी मागितली. कशी मागितली ते मला आठवत नाही आणि तिला ती ऐकू गेली असंही वाटलं नाही. टेबलावरच्या पेपराखाली मी ते पाकीट सरकवलं.

“ऱ्हाऊ द्या फोटू,” ती म्हणाली. “पर तुमी तर मोठे हुता तवा. तीन वर्सं आमच्यात ऱ्हायलाव. मला आता आठवत न्हाय, तुमाला आठवत असंल. सांगा की, कशी दिसायची?”

मी डोळे मिटले. धनगराची सुरकुती न् सुरकुती समोर आली. म्हशीजवळचे मालक आले, त्यांच्या टोपीचा मळका काठही आला. ज्यांचे ज्यांचे मी खरे फोटो काढले ते सगळे आले. मावशींचं इरकल आलं, मळवट आला, परडी आली. त्याच्या मधोमध जिथं तोंड असतं तिथं उजेड होता. त्या दिवशी मी कॅमेरा डोळ्याला लावलाच नव्हता. आणि बाकी तीन वर्षं मी त्या तोंडाकडं बघितलं ते ताट पुढ्यात आलं का एवढ्यापुरतं.

“हात,” मी म्हणालो, “हात डागलेले होते गं, मनगटापर्यंत. डाव्या अंगठ्यावर मोठा चटका होता. खरवड द्यायच्या तेव्हा—”

“हात मलाबी आठवत्यात, गुरुजी,” ती म्हणाली. “तोंड सांगा.”